दाढदुखीचे दिवस आणि अठरा काड्या

आपले दुखणे सांगायला बसले की ऐकणारा जांभई देतो, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. त्यातून दाढदुखी म्हणजे सर्वांत हलके दुखणे. कुणी हृदयाच्या ऑपरेशनचे सांगितले तर चार माणसे भोवती जमतात. दाढ दुखते म्हटले की "लवंग धरा" एवढे बोलून माणूस आपल्या वाटेने जातो. तरीही कुटुंबाच्या या पानावर आम्ही ती हकिकत सांगणार आहोत. दाढेपुरतीच ती असती तर सांगितली नसती.

गेल्या वर्षावासात, आषाढी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले असतील, आमची खालची डावीकडची शेवटची दाढ ठणकू लागली. आम्ही कुर्ल्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे फिटर होतो. कारखाना बंद पडला तेव्हापासून एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहोत. रात्री दुखणे आणि वॉचमनची नोकरी यांचे चांगले जमते, कारण झोपायचे नसतेच! पहिल्या रात्री लवंग धरली, दुसऱ्या रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, तिसऱ्या रात्री कुणीतरी सांगितले म्हणून तंबाखूची चिमूट दाबून धरली. मग औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या मागितल्या. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी विचारली नाही, आम्हीही दाखवली नाही. त्याने तीन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत ठणका बसला आणि उरलेल्या गोळ्या आम्ही कपाटावर ठेवून दिल्या. पुढे कधी लागतील म्हणून!

हा शहाणपणा आमच्या अंगाशी आला. चौथ्या दिवशी गाल सुजला. शेजारच्यांच्या सल्ल्याने तव्यावर फडके गरम करून वरून शेकले, तेव्हा सूज खाली उतरून जबड्याखाली गेली आणि हाताला दगडासारखी लागू लागली. ताप भरला. आणि सकाळी चहाचा कप तोंडाला लावला तर तोंडच उघडेना. कारखान्यात गंजलेला शिकंजा तेल घालून, हातोडीने ठोकून आम्ही मोकळा करीत असू. येथे तो शिकंजा आमच्याच तोंडात बसला होता. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येई.

आमच्या घरच्यांनी आमचे काही ऐकले नाही. आमच्या अंगावर शर्ट चढवला, मुलाला कामावरून बोलावून घेतले आणि थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. केसपेपर काढला, रांगेत बसलो. डोक्याभोवती गोल फिरणाऱ्या यंत्राने दोन्ही जबड्यांचा एकच लांबलचक फोटो काढला. तो दिव्यावर धरून मोठे डॉक्टर म्हणाले, "दाढेच्या मुळाशी पू झालाय. तो आता मानेकडे चाललाय. आणखी दोन दिवस थांबला असता तर श्वास अडला असता."

वाचकांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे. दाढ दुखत असताना हनुवटीखाली किंवा जबड्याखाली कडक सूज आली, गिळायला त्रास होऊ लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर लवंग, शेक आणि दुकानातल्या गोळ्या यांत एक दिवसही घालवू नये. माणसे दाढदुखीने मरत नाहीत, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. पूर्वी या विकाराने पुष्कळ माणसे गेली आणि आजही उशीर करणारे जातात. वरून शेकू नये, गोळी हिरडीवर दाबून धरू नये (कातडी भाजून निघते), आणि डॉक्टरांनी जितक्या दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तितके दिवस त्या घ्याव्यात. कपाटावर ठेवू नयेत.

आम्हांला तीन दिवस दाखल करून घेतले. सलाईनमधून औषधे दिली, पू काढला आणि सूज जराशी उतरल्यावर दाढ काढायचे ठरले. काढणारी डॉक्टर म्हणजे आमच्या धाकट्या मुलीच्या वयाची एक शिकाऊ पोरगी. तिच्या पाठीशी मोठे डॉक्टर उभे होते. ती म्हणाली, "काका, सुई टोचताना थोडं दुखेल, नंतर दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." आमच्या उभ्या आयुष्यात एवढे शिकलेल्या माणसाने आम्हांला 'तुम्ही सांगाल तेव्हा मी थांबेन' असे कधी म्हटले नव्हते. सुई टोचली, पाच मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ आपली राहिली नाही. मग कटकट असा आवाज आला, जबड्यावर जोर आल्यासारखे वाटले, आणि तिने ती दाढ ट्रेमध्ये टाकली. हात वर करायची पाळी आली नाही. तिच्या कपाळावर घाम होता, तो आम्ही पाहिला.

आमची धाकटी नर्सिंगला आहे. ती रात्री खाटेशी बसली असताना आम्ही कागदावर लिहून विचारले, 'ही सुई कुणी काढली?' बोलता येत नव्हते म्हणून लिहिले, एरवी आम्ही असले काही विचारणारे नव्हेत. तिने जे सांगितले आणि पुढे तिच्या पुस्तकांतून वाचून दाखवले, ते येथे थोडक्यात देतो.

अमेरिकेत हार्टफर्ड नावाच्या गावी होरेस वेल्स नावाचा दातांचा डॉक्टर होता. 1844 च्या डिसेंबरात त्याने एक खेळ पाहिला. लोकांना एक वायू हुंगवायचा आणि ते हसत-नाचत सुटले की बाकीच्यांनी मजा पाहायची, असा तो खेळ. त्यात एकाचा पाय खरचटून रक्त आले, पण त्याला त्याचे भानच नव्हते. बाकीचे हसले, वेल्स तेवढा विचारात पडला. दुसऱ्याच दिवशी, 11 डिसेंबर 1844 रोजी, त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि आपल्या सोबत्याकडून स्वतःची दाढ काढवून घेतली. दुखले नाही. दुसऱ्याची दाढ काढून पाहण्याआधी त्याने स्वतःची दिली, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. पुढच्या महिन्यात बोस्टनच्या डॉक्टरांपुढे त्याने प्रयोग केला, तेव्हा वायू कमी पडला, रोगी कण्हला आणि जमलेल्या लोकांनी वेल्सची टर उडवली. 1846 मध्ये त्याच बोस्टनमध्ये त्याच्या जुन्या भागीदाराने, मॉर्टनने, ईथर वापरून प्रयोग यशस्वी करून दाखवला आणि नाव मॉर्टनचे झाले. वेल्स खचला. 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने स्वतःचा अंत करून घेतला. वय अवघे तेहतीस. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने त्याचा मान त्याला दिला तो 1864 मध्ये. तो घ्यायला तो नव्हता.

पण वेल्सचा वायू वेगळा आणि आमची सुई वेगळी. एवढाच भाग बधिर करायची विद्या 1884 नंतरची. त्या वर्षी व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी डोळ्यासाठी कोकेन वापरून दाखवले. पण त्याची सवय लागे, माणसे बरबाद होत. आमच्या ओठात गेले ते औषध स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी 1943 मध्ये तयार केले आणि त्यांचा तरुण सोबती बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःच्या अंगात टोचून पाहिले. 1948 पासून ते बाजारात आले. आपल्याकडे त्याला लिग्नोकेन म्हणतात. त्या लहानशा बाटलीची किंमत आज फार नाही. आपल्या आजी-आजोबांच्या दाढा मात्र चौघांनी हातपाय धरून, पक्कडीने उपटल्या गेल्या. आमच्या आजोबांची तशीच एक दाढ गावच्या वेशीवर काढली होती. त्यांची किंकाळी ऐकून बैल बुजले, असे आमचे वडील सांगत.

खाटेवर पडून हे ऐकताना आम्हांला अगदी मनापासून वाटले, की या माणसांना आपण कधी जयभीम घातला नाही. ज्यांनी आमच्यासाठी स्वतःच्या अंगात सुया टोचून घेतल्या, त्यांची नावेही आम्हांला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तेही तोंड बंद झाल्यावर कळली.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दुखण्याचे आभार मानावेत, दुखणे माणसाला शिकवते, असे काही लोक फार गोड बोलतात. ज्याला दाढदुखी झाली नाही त्याने ते खुशाल बोलावे. दुखणे आम्हांला काही शिकवीत नव्हते, नुसते मारीत होते. ज्यांचे आभार मानायचे ती माणसे आहेत. आणि दुसरे असे की दवाखान्याने आमच्यावर उपकार केले, असे म्हणून आम्ही कुणाचे मिंधे होणार नाही. सरकारी दवाखाना हा आपला हक्क आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा प्रा. अडारकरांचा अहवाल त्याच काळात, 1944 मध्ये आला, आणि त्यातून पुढे 1948 चा कामगार राज्य विमा कायदा झाला. कारखाना चालू होता तोवर त्या विम्याचे कार्ड आमच्या खिशात होते. त्या कार्डावर आमच्या तिन्ही मुलांची आजारपणे निघाली, पण ते कुठून आले याचा विचार आम्ही एकदाही केला नाही. हक्क म्हणून घ्यावे आणि तो कुणामुळे मिळाला हेही आठवावे. या दोन गोष्टींत भांडण आहे असे आम्हांला वाटत नाही.

असो. चौथ्या दिवशी घरी आलो. दाढ गेली, ताप गेला, पण तोंड उघडेना. वरच्या आणि खालच्या दातांत जेमतेम एक बोट जाई. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटे उभी जातात. वाचकांनी आत्ताच घालून पाहावीत. ज्यांची जात नसतील आणि जे गुटखा-सुपारी खात असतील, त्यांनी उद्याच दवाखाना गाठावा. गुटख्याने तोंडाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक होते, तोंड मिटत जाते आणि पुढे तेथेच कर्करोगाची भीती असते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे आणि आमच्या सोसायटीच्या गेटसमोर तो रोज विकला जातो.

आमचे तसे नव्हते. पू झाल्याने जबड्याचे स्नायू आखडले होते. त्या पोरगी डॉक्टरने सांगितले, "काका, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन घ्या. जेवढ्या मावतील तेवढ्या एकावर एक ठेवून पुढच्या दातांत धरा. दिवसातून चार-पाच वेळा. सूज उतरलीय, आता घाबरू नका. एक-दोन दिवसांनी एक काडी वाढवा. अठरा झाल्या की या मला दाखवायला."

पहिल्या दिवशी सहा काड्या मावल्या. आमच्या नातवाने चाळीतल्या पोरांकडून काड्या गोळा करून आणल्या, आजीकडून उकळून घेतल्या आणि रोज भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढू लागला. सात. सात. आठ. सातवी आत सारताना कानापुढच्या सांध्यात जी कळ जाई, ती लिहून सांगता येणार नाही. नातू समोर बसून आपलेही तोंड उघडून दाखवी, जणू त्याने उघडले की आमचे उघडेल.

त्या दिवसांत खाणे म्हणजे पिणेच. शेजारच्या खोलीतल्या चाचीने दोन दिवसांआड कोंबडीचे पातळ सूप पाठवले, ते अगदी बारीक गाळून. कामावर आमचा जोडीदार बिहारकडचा आहे. त्याने अकरा रात्री आमची पाळी केली. सोसायटीच्या लोकांनी आमचा पगार कापला तो कापलाच. पण या गड्याने त्याला मिळालेल्या जादा पैशांतले अर्धे पाकिटात घालून घरी आणून दिले. आम्ही घेत नव्हतो. तो म्हणाला, "आप भी करते." आम्ही केले असते का, हा प्रश्न त्या रात्री आम्हांला पडला. खरे उत्तर येथे लिहीत नाही.

आणि घरी आमच्या घरच्या. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी तांदळाची पेज, कधी मुगाचे कढण, कधी ज्वारीची भाकरी आमटीत भिजत घालून, कुस्करून, चमच्याने दाबून केलेला अगदी मऊ काला. किती गरम चालेल, मीठ-मिरची किती झोंबेल, कण कुठे अडकेल, कोणत्या बाजूने चमचा घालायचा, सगळे तिला न सांगता कळत होते. आठव्या दिवशी आम्ही अडखळत विचारले, "हे सगळं तुला कुणी शिकवलं? डॉक्टरीणबाईंनी?"

ती म्हणाली, "कोण शिकवणार? मी सहा वर्षं असंच खातेय की."

आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. छत्तीस वर्षांचा संसार. ती भाकरी चहात नाहीतर आमटीत बुडवून खाते, हे आम्ही रोज पाहत होतो. आमचा समज असा, की तिला तसेच आवडते! सुकट-बोंबील ती आमच्या ताटात वाढी आणि स्वतः नुसता रस्सा घेई. आम्ही समजत होतो, की तिचे पोट लवकर भरते. डावीकडच्या दोन दाढा मुळापासून हलत होत्या, उजवीकडे एक मोडून टोक राहिले होते. मिश्री लावल्याने बरे वाटते म्हणून ती दिवसातून तीनदा मिश्री लावी. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखूच, दुसरे काही नाही. दात घासायच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घराच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण बंदी घालणार? तिच्या आईने तिला ती दिली आणि आमच्या आईने लग्नानंतर डबी भरून दिली.

"बोलली का नाहीस?" आम्ही विचारले.

"बोलले होते एकदा. तुम्ही म्हणालात, लवंग धर."

त्यावर आम्हांला बोलता आले नाही. तोंड तेव्हा दहा काड्यांइतके उघडत होते.

पुढच्या रविवारी विहारात गेलो. एरवी वंदनेत आमचा आवाज सर्वांत मोठा. त्या दिवशी तोंड उघडून म्हणता येईना, तेव्हा मागे भिंतीशी बसून नुसते ऐकले. मंगलसुत्तात जी मंगले सांगितली आहेत त्यांत कृतज्ञताही आहे, हे आम्ही वीस वर्षे मोठमोठ्याने म्हणत होतो. ऐकले मात्र त्या दिवशी. बायकांच्या रांगेत ती तिसरी बसली होती, तोंडावर पदर धरून. दात दिसू नयेत म्हणून ती हसताना पदर धरते. आम्ही ती तिची लाज समजत होतो.

अठरा काड्या व्हायला सत्तावीस दिवस लागले. दाखवायला गेलो ते तिला घेऊनच. ती येईना, "मला काय झालंय, घरचं कोण बघणार" वगैरे. आम्ही म्हटले, "काड्या मोजायला तू लागशील." पोरगी डॉक्टरने आमच्या काड्या पाहून टाळी वाजवली आणि मग तिला खुर्चीवर बसवले. बराच वेळ आरसा फिरवून पाहिले. गालाच्या आत, मिश्री ठेवायच्या जागी, पांढरा चट्टा होता. मोठ्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तेथला कणभर तुकडा तपासणीला पाठवायला सांगितला.

तपासणीचा कागद येईपर्यंतचे ते दिवस आम्ही काय सांगावे! आमच्या जबड्याची कळ त्यापुढे काहीच नव्हती. ती नेहमीसारखी कामे करीत होती आणि आम्ही रात्रपाळीला गेटवर बसून पांढरा चट्टा आठवीत होतो. चट्टा घासून पुसला जात नसेल तर कधी कधी तो कर्करोगाची सुरुवात असतो, हे मुलीने सांगितले होते. आणि वेळीच तंबाखू सोडली तर पुष्कळदा तो विरतो, हेही तिनेच सांगितले होते. आम्ही रोज दुसरे वाक्य धरून बसत होतो.

कागद चांगला आला. कर्करोग नाही. मिश्री मात्र कायमची बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे. दोन हलत्या दाढा आणि मोडके टोक काढायचे. मिश्रीची डबी तिने स्वतः सुनेच्या हाती दिली आणि म्हणाली, "टाकून ये, पण मला सांगू नको कुठे टाकलीस." पहिले पंधरा दिवस तिने घरात सर्वांवर आरडाओरड केली. आम्ही ऐकून घेतले. आमचीही तंबाखू त्याच डबीबरोबर गेली आहे. तिच्याइतकी नेटाने नव्हे, दोनदा चुकलो.

गेल्या बुधवारी तिच्या पहिल्या दोन दाढा काढल्या. आम्ही बाहेरच्या बाकावर तिची पिशवी आणि चपला सांभाळीत बसलो होतो. ती आत जाताना आम्ही सांगितले, की दुखले तर डावा हात वर कर, त्या थांबतात. बाहेर आली तेव्हा तोंडात कापसाचा बोळा दाबलेला, अर्धा ओठ बधिर. तासभर थुंकायचे नाही, एक दिवस चूळ जोराने भरायची नाही, गरम काही नाही. हे सारे आम्हांला आता तोंडपाठ होते.

घरी येऊन तिला पाट दिला आणि पेज आम्ही केली. आयुष्यात पहिल्यांदा. तळाला लागली, ती वरून वरून काढली, थाळीत ओतून पंख्याखाली निववली आणि उजव्या बाजूने चमचा दिला. दोन घास तिने गिळले. मग बोलता येत नव्हते म्हणून हाताची बोटे जुळवून चिमूट करून दाखवली.

मीठ घालायचे राहिले होते.